आत्याचं नाक आणि जावयाची गाडी

आमच्या आत्याचं नाक दिसायला काही खास नाही. लहानसं, शर्टाच्या गुंडीएवढं, टोकाला किंचित वर वळलेलं. रस्त्यात समोरून आली तर कुणी तिच्या नाकाकडे दुसऱ्यांदा बघणार नाही. पण या नाकाने मालाचे तीन ट्रक आल्या वाटेने परत पाठवले आहेत, दोन साहेबांना चारचौघांत खोटं पाडलं आहे आणि एका डिंकवाल्याला धंदा बदलायला लावला आहे.

लहानपणी ती आतल्या खोलीत भांडी घासत बसलेली असायची आणि तिथूनच सांगायची, "दारात कुणीतरी भिजलेला माणूस आलाय, आणि त्याच्या पिशवीत पेरू आहेत." दार उघडावं तर माणूस भिजलेला, पिशवीत पेरू. तिची आई कपाळाला हात लावायची. म्हणायची, "पोरीच्या जातीला एवढं नाक बरं नव्हे. उद्या नाकावर संसार करणार आहेस का?" आईचं बोलणं खरं झालं. आत्याने संसार केला तो नाकावरच.

ती गाड्यांच्या आतलं सामान बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागली तेव्हा शिलाई मशीनवर होती. गाडीचा लोखंडी सांगाडा कुठेतरी लांब तयार व्हायचा, इंजिन आणखी कुठे. इथे फक्त गाडीचं पोट भरायचं काम. सीट, दाराच्या आतलं अस्तर, छताचं कापड, पायाखालचं जाजम. वीस वर्षं आत्याने सीटच्या कडा शिवल्या. सरळ रेघेत, टाक्याला टाका लावून, मान वर न करता.

एक दिवस नवीन कापडाचं ठाण तिच्या टेबलावर आलं आणि तिने मशीन थांबवलं.

"हे ठाण आजारी आहे," ती म्हणाली.

मुकादम हसला. "का हो बाई, ताप आलाय का त्याला? थर्मामीटर आणू?"

"आणा. पण मी शिवणार नाही. याच्या पाठीला जो लेप लावलाय तो नासलाय."

मुकादमाने ठाण दुसऱ्या बाईकडे दिलं. सीट शिवल्या गेल्या, ट्रक भरला, गेला. आठव्या दिवशी तोच ट्रक तसाच परत आला. सोबत चिठ्ठी होती: सीटना घाण वास मारतो, माल नको. साहेबांनी मुकादमाला बोलावलं, मुकादमाने आत्याला. साहेबांनी तिला विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" आत्या म्हणाली, "तुम्हाला कसं नाही कळलं?" त्या महिन्यापासून तिची शिलाई सुटली आणि ती वासाच्या बाकावर जाऊन बसली.

वासाची खोली म्हणजे कारखान्यातली सगळ्यात सोवळी खोली. पांढऱ्या भिंती, त्यावर कॅलेंडरसुद्धा नाही, कारण कॅलेंडरच्या शाईलाही वास असतो. आत एक लांब बाक आणि त्यावर पाच माणसं. प्रत्येक नव्या मालाचा तळहाताएवढा तुकडा कापायचा, धुऊन वाळवलेल्या काचेच्या बरणीत घालायचा, झाकण घट्ट लावायचं आणि बरणी दोन तास भट्टीत ठेवायची. उन्हात उभी केलेली बंद गाडी जशी आतून तापते, तशी बरणी तापते. मग ती जरा निवू द्यायची, झाकण बोटभर उचलायचं, एक श्वास घ्यायचा, झाकण लावायचं आणि बरणी शेजाऱ्याकडे सरकवायची. कागदावर आकडा लिहायचा. एक म्हणजे वासच नाही. तीन म्हणजे वास आहे, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. चारला माल परत. पाच आणि सहाबद्दल बाकावरची माणसं बोलत नाहीत, पाणी पितात.

बाकाचे नियम कडक. आदल्या दिवसापासून कच्चा कांदा बंद. केसांना तेल नाही, तोंडाला पावडर नाही, वासाचा साबण नाही. वास घेताना बोलायचं नाही. तोंड भिंतीसारखं ठेवायचं, कारण एकाने नाक मुरडलं की पुढच्या चौघांचे आकडे बिघडतात. आणि आकडा शाईने लिहायचा. एकदा लिहिला की खोडायचा नाही. अकरा वर्षांत आत्याच्या कागदावर एक खाडाखोड नाही, आणि हे ती स्वतः कधी सांगत नाही. आतोबा सांगतात, म्हणजे तिचे यजमान. तिला ऐकू जाईल अशा बेताने सांगतात.

आतोबांचं दुःख वेगळंच होतं. बाकामुळे त्यांच्या घराला वासच उरला नव्हता. त्यांनी एकदा हौसेने अत्तराची बाटली आणली. ती त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांकडे राहायला गेली. "मी सकाळी शेजारी जाऊन मनगटाला लावून येतो," आतोबा सांगायचे, "आणि घरात शिरायच्या आधी धुऊन टाकतो. माणसाने चोरून दारू प्यायल्याचं ऐकलंय, मी चोरून अत्तर लावतो."

अशा या आत्याच्या एकुलत्या एका लेकीच्या नवऱ्याने नवी गाडी घेतली.

जावई घड्याळं दुरुस्त करायचा. बारीक चणीचा, नीटनेटका, भिंगातून जगाकडे बघणारा माणूस. नवी वस्तू नवी राहावी याची त्याला अपार काळजी. त्याच्या घरात टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, पंख्याच्या बटणांना प्लास्टिक, खुर्च्यांना प्लास्टिक. आतोबा एकदा तिथून राहून आले तेव्हा म्हणाले होते, "मी दोन दिवस एका जागी बसलो नाही. म्हटलं, मलाही गुंडाळतील."

गाडीसाठी तो नऊ वर्षं थांबला होता. त्यामुळे गाडीला त्याने तीन कपडे घातले. कंपनीची सीट, तिच्यावर बाजारातून बसवून घेतलेलं जाड रेक्झिनचं कव्हर आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक. पायाखाली कंपनीच्या जाजमावर दुसरं जाजम डिंकाने चिकटवलेलं. काचा कायम वर. नव्या गाडीचा जो एक वास असतो ना, त्यावर तर त्याचा जीव जडला होता. "हा वास आहे तोवर गाडी नवी," तो म्हणायचा. वास बाहेर जाऊ नये म्हणून दार उघडायचं तेही माणूस मावेल एवढंच.

एका शनिवारी सकाळी ही गाडी आत्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. बेत असा होता की एक रात्र इथे काढायची आणि रविवारी जेवण करून जावयाच्या थोरल्या बहिणीकडे निघायचं. सात तासांचा रस्ता. बहिणीला गाडी दाखवायची होती आणि आठ महिन्यांची नातही.

गाडी थांबली तशी आत्याची लेक उतरली. चेहरा पांढरा फटक. कडेवरची नात रडून रडून हिरमुसलेली, अंगावरचं झबलं ओलं. आत्याने नातीला घेतलं आणि तिच्या टाळूवर नाक टेकवलं. बाळाच्या टाळूला दुधाचा वास असतो. या टाळूला जाजमाचा येत होता.

जावई खुशीत होता. "आई, तुम्ही तर यातल्या जाणत्या. जरा बसा आत आणि सांगा."

आत्या बसली. जावयाने बाहेरून दार अलगद लावलं, घड्याळाचं झाकण लावावं तसं. आत ऊन साचलं होतं. आत्याने एक श्वास घेतला. तिला सगळे दिसले, म्हणजे नाकाने दिसले. हा रेक्झिनचा लेप. हा फोम. हा डिंक, अजून न सुकलेला. हे प्लास्टिक, वर झाकण बनून बसलेलं. पाच, तिच्या मनाने सांगितलं. सव्वापाचच, पण बाकावर सव्वा नसतो.

तोंड मात्र अकरा वर्षांच्या सवयीने भिंतीसारखंच राहिलं. जावई काचेला नाक लावून तिच्याकडे बघत होता. परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे त्याचे डोळे. नऊ वर्षं थांबलेला माणूस. त्यातून जावई. सासूने जावयाच्या गाडीत बसून पहिल्या झटक्यात 'नापास' म्हणायचं, हे कुठल्या कारखान्यात शिकवतात?

आत्या उतरली आणि म्हणाली, "छान आहे हो गाडी."

झालं. जावयाने लगेच बहिणीला फोन लावला. अंगणभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "अगं ताई, गाडी सासूबाईंनी पास केली. साध्यासुध्या बाई नाहीत त्या, कारखान्याचं नाक आहे ते. त्यांच्यासमोर साहेब चळाचळा कापतात."

आत्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मागोमाग लेक आली.

"आई, तू खोटं बोललीस."

"मी गाडी छान आहे म्हटलं. वासाबद्दल काही बोलले नाही."

"असं तुझ्या साहेबांना चालतं का? माल छान आहे, वासाचं विचारू नका?"

आत्याने पातेलं उगाच पुसलं.

लेक खाली बसली. म्हणाली, "अर्ध्या तासात माझं डोकं आवळायला लागतं. ही तर दोनदा ओकली. मी म्हटलं काच खाली करू या, तर म्हणतात तुला आधीपासून बस लागते. सवय होईल म्हणतात. आई, मी सवय करून घेईन, पण ही एवढीशी. उद्या सात तास."

"मग तू भांड की त्यांच्याशी."

"कशी भांडू? नऊ वर्षं पै पै साठवली त्या माणसाने, गाडी घ्यायची म्हणून. एक दिवस सिनेमाला गेलो नाही की हॉटेलात जेवलो नाही. आता गाडी आली आणि मी तिला नावं ठेवू? तू सांगितलं असतंस तर त्यांनी ऐकलं असतं. तुझं त्यांना खरं वाटतं. आता तर तू पासच केलीस."

दारात आतोबा येऊन उभे होते. ते म्हणाले, "शाईने लिहिलंय बरं का. खोडता येत नाही."

"अहो, तुम्ही जरा अंगणात जाऊन बसा," आत्या म्हणाली.

"जातो. पण जावईबापूंनी मला त्या गाडीतून चक्कर मारून आणायचं कबूल केलंय. मी जिवंत आलो तर जेवायला पान मांडा."

त्या दिवशी आत्याने जे करून पाहिलं ते सांगायला तिला आजही लाज वाटते. आधी तिने आडून सांगितलं, "उद्या वारा छान सुटणार आहे, काचा खाली करून जा, मजा येईल." जावई म्हणाला, "आई, रस्त्याला धूळ किती." मग तिने आतोबांना पढवलं. आतोबा जावयाला म्हणाले, "त्या प्लास्टिकवर माझी पाठ घामाने चिकटली हो, उठलो तर सोलून निघेन असं वाटलं. काढा की ते." जावयाला फार वाईट वाटलं. त्याने आत जाऊन एक टॉवेल आणला, प्लास्टिकवर नीट अंथरला, आणि टॉवेल मळू नये म्हणून त्यावर वर्तमानपत्र घातलं. आतोबा येऊन म्हणाले, "चौथा कपडा चढवून आलो."

रविवारी सकाळी आत्या उठली ती काहीतरी ठरवूनच. तोंडी सांगणं हे तिचं कामच नव्हतं. तिचं काम बरणीचं. तिने माळ्यावरून कारखान्यातल्या जुन्या, कडा उडालेल्या चार बरण्या काढल्या आणि एक मोठी बरणी, घरातली. सगळ्या धुतल्या, उन्हात पालथ्या घातल्या. मग ती जावयाकडे गेली.

"जावईबापू, तुमचा हात स्थिर आहे. मला जरा मदत कराल? बाकावर नवीन माणूस निवडायचाय. कसं शिकवायचं त्याचा सराव करीन म्हणते."

यात खोटं काही नव्हतं. बाकावरचे एक चष्मेवाले बाबा निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी माणूस हवाच होता. जावयाची छाती फुगली. "सांगा की आई, काय करू?"

"तुकडे लागतील. गाडीच्या सामानाचे. आता असे कुठून आणायचे?"

हे तिने विचारलं तेव्हा तिला उत्तर माहीत होतं. गाडीचं काम करून घेताना जावयाने दुकानदाराकडून उरलेला एकूण एक तुकडा मागून घेतला होता. माझ्या गाडीचा तुकडा दुसऱ्याच्या दुकानात का राहावा, असं त्याचं म्हणणं. हे लेकीने रात्री सांगितलं होतं. जावई गेला आणि डिकीतून एक पिशवी घेऊन आला. आत लहान लहान पुड्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. रेक्झिन, डाव्या बाजूचं. रेक्झिन, उजव्या बाजूचं. फोम. जाजम. प्लास्टिक. डिंक लावलेला पुठ्ठा.

"डावं आणि उजवं वेगळं कशाला?" आतोबांनी विचारलं.

"असावं," जावई म्हणाला.

आत्याने तुकडे सारख्या मापाचे कापून घेतले. एका बरणीत रेक्झिन आणि त्याखालचा फोम. एकात जाजम. एकात प्लास्टिक. एकात डिंकाचा पुठ्ठा. मोठी बरणी तिने तशीच बाजूला ठेवली. चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी कढत केलं, चारही बरण्या त्यात गळ्यापर्यंत उभ्या केल्या आणि जावयाला घड्याळ लावायला सांगितलं. त्याने तीन घड्याळं लावली.

वाट बघताना तिने त्याला नियम शिकवले. बोलायचं नाही. तोंड भिंतीसारखं. एकच श्वास. आकडा शाईने. जावयाला हे सगळं फार आवडलं. त्याच्या स्वभावाचं शास्त्र जगात कुठेतरी आहे, हे त्याला पहिल्यांदा कळत होतं.

वेळ झाली. बरण्या काढल्या, फडक्यावर ठेवल्या, जरा निवू दिल्या. जावयाने हात धुतले, तेही बिनवासाच्या साबणाने. पहिली बरणी. झाकण बोटभर, एक श्वास, झाकण बंद. लिहिलं: तीन. दुसरी: दोन. तिसरी: तीन. चौथ्या बरणीला त्याने जरा विचार केला. डिंक होता तो. तीन.

"आता बोलू का?" त्याने विचारलं.

"बोला."

"सगळे पास." त्याचा चेहरा उजळला. "बघा आई, मी बाजारातून घेताना एकेक वस्तू पारखून घेतलीय. तुम्ही म्हणालात तेच निघालं."

लेकीने आईकडे बघितलं. तिच्या मांडीवर नात होती. दुपार जवळ येत होती, पिशव्या दाराशी भरून ठेवलेल्या होत्या. आत्याने मनात कबूल केलं की जावई बरोबर आहे. तिनेही हेच आकडे दिले असते. कारखान्यातून अकरा वर्षं जो माल तिने पास केला तो असाच, एकेक तुकडा वेगळ्या बरणीत घालून. एकेकटा प्रत्येक जण शहाणा असतो.

"अजून एक राहिली," ती म्हणाली.

तिने चारही बरण्यांतले तुकडे उचलले आणि मोठ्या बरणीत भरले. रेक्झिन, फोम, जाजम, डिंक, सगळं एकात एक. वरून प्लास्टिक पसरलं, पांघरुणासारखं. झाकण लावलं. पुन्हा कढत पाणी.

"हे कशाला?" जावयाने विचारलं.

"गाडीत हे सगळे एकाच खोलीत राहतात म्हणून."

तीन घड्याळं टिकटिक करत होती, जरा पुढेमागे.

जावयाने मोठी बरणी पुढ्यात घेतली. झाकण उचललं, बोटभर. श्वास घेतला.

त्याची भिंत पडली. आधी भुवई हलली, मग नाकपुडी, मग सगळा चेहराच एका बाजूला गेला. त्याने झाकण लावलं, पेन हातात घेतलं आणि कागदाकडे बघत बसला. शाईचा एक ठिपका कागदावर वाढत गेला.

"पण तुम्ही काल पास केलीत," तो हळूच म्हणाला. "मी ताईला फोन करून सांगितलं."

आत्याला वाटलं होतं की बरणी बोलेल आणि आपलं बोलणं वाचेल. ते काही झालं नाही. समोर जावई होता, हातात पेन होतं, आणि उत्तर तिचंच होतं. अकरा वर्षं एक आकडा खोडला नव्हता तिने.

"कालचा आकडा चुकला," ती म्हणाली. "नाक नाही चुकलं, मी चुकले. आत बसले आणि पाच आलं मनात. तुमचा चेहरा बघितला आणि तोंडातून दुसरंच निघालं. तुम्ही रागवाल म्हणून भ्याले. कारखान्यात मी साहेबाला भीत नाही आणि घरात जावयाला भ्याले, आता काय सांगू? हिची टाळू हुंगून बघा, जावईबापू. जाजमाचा वास येतोय पोरीला."

जावई उठला. नातीजवळ गेला, वाकला. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग चप्पल घालून अंगणात गेला.

"रागावले," लेक म्हणाली.

"मला गाडीतून परत एक चक्कर मारून आणा म्हणू का?" आतोबा म्हणाले, पण त्यांचाही आवाज पडलेला होता.

खिडकीतून दिसत होतं. जावयाने गाडीचं दार उघडलं, आत बसला, दार लावून घेतलं. काचा वर. ऊन डोक्यावर आलं होतं. तो मागच्या सीटवर बसला होता, जिथे लेक बाळाला घेऊन बसायची तिथे. मनगट डोळ्यांसमोर धरून घड्याळ बघत होता. पाच मिनिटं झाली. दहा झाली. आत्याने पदर खोचला. ती उठणार तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. या वेळी पूर्ण, बिजागरीपर्यंत. जावई बाहेर आला तो घामाने निथळत, डोळे लाल झालेले, कपाळ दोन्ही हातांनी धरलेलं.

"बारा मिनिटं," तो लेकीला म्हणाला. "मला बारा मिनिटं झाली नाहीत सहन. तू तीन तास आलीस बसून." जरा थांबून म्हणाला, "बस लागते म्हणालो मी तुला."

"म्हणालात," लेक म्हणाली. आणि तिने त्याला पाणी दिलं.

त्यानंतर दुपारभर अंगणात जे चाललं ते बघायला अर्धी आळी गोळा झाली. जावयाने आपली चिमट्यांची पेटी काढली आणि प्लास्टिक सोलायला घेतलं. फाडलं नाही. एकेक टोक सोडवून, घडी घालून, चिठ्ठी लावून ठेवलं. रेक्झिनची कव्हरं निघाली. चिकटवलेलं जाजम निघायला तयार नव्हतं, ते त्याने आणि आतोबांनी मिळून ओढलं, आणि सुटलं तेव्हा दोघंही मागच्या मागे पडले. सगळं आत्याच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर गेलं. गाडी झाडाच्या सावलीत चारही दारं आणि डिकी उघडी टाकून उभी राहिली, उन्हाने दमलेली कोंबडी पंख पसरून बसते तशी.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "गाडी धुवायला टाकलीत का हो?"

"हवा खायला बसवलीय," आतोबांनी सांगितलं. "तिची प्रकृती नरम आहे. माहेरी आली म्हणून बरी झाली."

जावयाने बहिणीला फोन केला. या वेळी त्याचा आवाज अंगणभर गेला नाही, पण आत्याने कान दिला होता. तो सांगत होता, "आज नाही, उद्या सकाळी निघू. नाही गं, बिघडली नाही. सासूबाईंनीच सांगितलं. हो, पास केली होती म्हणालो. त्यांनी आकडा बदलला. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा बदलला, आणि तो माझ्या गाडीसाठी." शेवटचं वाक्य त्याने अशा काही अभिमानाने म्हटलं की आत्याला हसावं की डोळे पुसावे ते कळेना. तिने मग पातेल्यातलं पाणी ओतून दिलं आणि बरण्या घासायला घेतल्या.

सोमवारी पहाटेच्या गारव्यात तिघं निघाली. काचा चारही खाली. जायच्या आधी जावयाने आत्याला विचारलं की वास पूर्ण जायला किती दिवस लागतील. आत्या म्हणाली, "वास म्हणजे त्या वस्तूंच्या अंगातून सुटलेली वाफ. नव्यात जास्त सुटते, तापलं की आणखी. दर दोन दिवसांनी जरा जरा कमी होईल. उन्हात उभी केलीत तर आत बसायच्या आधी दारं उघडून मोकळी करा. काही महिने जातील. घाई कशाची?"

"किती वेळाने मोकळी करायची?" जावयाने खिशातून वही काढली.

इथे आत्याने दुसरी चूक केली. घड्याळवाल्याला आकडा सांगायचा नसतो. ती सहज म्हणून गेली, "लांबचा रस्ता आहे, करा की तासाला दहा मिनिटं."

दुपारी एकपर्यंत पोचायचं होतं. एक वाजला, दोन वाजले. जावयाच्या बहिणीचा फोन आला, जेवण निवतंय म्हणून. तीन वाजता आत्याने न राहवून लेकीला फोन लावला.

"अगं, कुठे आहात?"

"रस्त्यातच आहोत," लेक अगदी हळू आवाजात म्हणाली. पाठीमागे दारं उघडझाप केल्याचा आवाज येत होता, ठेक्यात, पंख्याने वारा घालावा तसा. "दर तासाला गाडी थांबवतात. आम्हाला उतरवतात, सतरंजी घालून सावलीत बसवतात आणि चारही दारांनी वारा घालतात. दहा मिनिटं, मोजून. इथे दुसऱ्या एका गाडीवाल्याला वाटलं गाडी बंद पडली, तो ढकलायला आला. त्यालाही यांनी बसवून सगळं समजावलं, त्यात अर्धा तास गेला. आता तो त्याची दारं हलवतोय."

"आणि डोकं?"

"केसांत एवढी धूळ बसलीय की डोकं शोधावं लागेल. पण दुखत नाहीये."

"अन् छकुली?"

"तेच तर सांगते, हळू बोल. सकाळपासून ही तिसरी झोप चाललीय."